सुरतेहून दांडी : चार दिवसांची पायवाट आणि तिचा जमाखर्च

व्यापारी माणसाच्या आयुष्यात प्रवासाला कधी तोटा नसतो. खरेदीसाठी मुंबई, वसुलीसाठी इंदूर-नागपूर, लग्नकार्यासाठी मूळ गाव आणि वर्षाकाठी एखादे तीर्थ, असे त्याचे फिरणे चालूच असते. हा सारा प्रवास चाकांवर होतो. पायांचा प्रवास आपल्या घरांत आता साधुसाध्वींच्या विहारापुरताच उरला आहे. त्यांना निरोप देताना वेशीपर्यंत चार पावले बरोबर जावे, एवढाच त्यातील आपला वाटा. छ'री पालित संघ निघाला तर त्यात सामील होण्याचे भाग्य काही कुटुंबांना लाभते. परंतु तेथे मुक्काम, भोजन आणि सामान यांची चिंता संघपती वाहतो. आपली वाट आपणच आखावी, आपले ओझे आपणच उचलावे आणि चार दिवस सहकुटुंब चालत समुद्रापर्यंत जावे, अशी सुट्टी आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतली असेल. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे अशा एका वाटेचा विचार ठेवण्याचे योजिले आहे. ही वाट आपल्या सुरतेच्या दारावरूनच जाते.

यात्रेची वाट समुद्राला नेऊन भिडवण्याची कल्पना जगाला नवी नाही. स्पेन देशात संत याकोबाच्या समाधीसाठी सांतियागो नगरापर्यंत शेकडो मैल चालत जाण्याची चाल मध्ययुगापासून आहे. तेथे पोहोचलेले कित्येक यात्रेकरू आणखी सुमारे 90 किलोमीटर चालून अटलांटिक महासागराच्या काठी फिनिस्तेरा येथे जातात. या नावाचा अर्थच 'भूमीचा शेवट' असा आहे. आज तेथे जाणारे बहुतेक लोक कोणत्याही संघाशिवाय, पाठीवर पिशवी टाकून स्वतंत्रपणे चालतात. आपल्याकडे पंढरीची वारी आहे; पण तेथे दिंडीची शिस्त आणि दिंडीचाच आधार असतो. सुरतेजवळची वाट या दोहोंहून वेगळी आहे. ती कोणत्याही एका धर्माची नाही, आणि तिच्या शेवटी देऊळ नसून मीठ आहे.

दिनांक 12 मार्च 1930 रोजी महात्मा गांधी 78 सहकाऱ्यांसह साबरमती आश्रमातून पायी निघाले आणि सुमारे 241 मैलांचा पल्ला तोडून 5 एप्रिलला दांडीस पोहोचले. त्या वेळी त्यांना एकसष्टावे वर्ष चालू होते. त्या तुकडीत महाराष्ट्रातील मंडळीही होती. प्रार्थनेची भजने चालविणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पुढे 1938 साली काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने आले असता सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथेच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा या वाटेवर मराठी सूर प्रारंभापासून होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या कूचीमागील हिशेब व्यापाऱ्याला चटकन उमगावा असा आहे. गांधीजींनी तो स्वतः मांडला होता. एक मण मिठाची मूळ किंमत 10 पै आणि त्यावरील कर सव्वा रुपया, म्हणजे 20 आणे, म्हणजेच 240 पै. दहा पैच्या मालावर दोनशे चाळीस पै कर! शेकडा 2400 दराने कर भरून माल विकावा लागला, तर आपल्यापैकी कोणते दुकान उघडे राहील? आणि हा माल तरी कसला? श्रीमंताला आणि मजुराला सारखाच लागणारा, किंबहुना घाम गाळणाऱ्या मजुराला अधिकच लागणारा. हा कर अखेरीस 1947 साली उठला.

सुरत ते दांडी हा या कूचीचा अखेरचा भाग. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास. तुकडीने सकाळी एक टप्पा चालावा, दुपारी एका गावी विसावा घ्यावा, सायंकाळी दुसरा टप्पा चालून पुढील गावी मुक्काम करावा, अशी रीत ठेवली होती. आठवड्यातून सोमवार विश्रांतीचा असे. आपणही हीच रीत पाळावी. चार दिवसांत लहानथोरांना ती झेपण्याजोगी आहे.

पहिला दिवस डिंडोली आणि वांझचा. 1 एप्रिल 1930 रोजी छापराभाठ्याहून तापी ओलांडून गांधीजी सुरतेत आले आणि दुसऱ्या दिवशी डिंडोलीकडे निघाले. त्या वेळचे हे खेडे आज महानगरात विरून गेले आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत आहे. आपल्या गिरण्या, यंत्रमाग आणि कापडबाजार ज्यांच्या हातांवर चालतात, त्यांतील पुष्कळजण येथे राहतात. मोटारीतून जाताना त्यांची घरे दिसत नाहीत, पायी जाताना दिसतात. पुढे वांझ गाव. हे नाव मराठी कानाला खटकेल, पण गावाची जमीन वांझ नव्हे! जवळच सचिन आहे. जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडून देऊन एका सिद्दी सरदाराने पेशव्यांकडून 1791 साली हे छोटे संस्थान मिळविले. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि आपल्या अनेक सभासदांना ती केवळ त्याच नात्याने ठाऊक आहे.

दुसरा दिवस धामण आणि नवसारीचा. मधे मिंढोळा नदी लागते आणि नवसारीत शिरण्यापूर्वी पूर्णा. वाटेच्या आसपास मरोली आहे. दांडीच्या लढ्यात उतरलेल्या पारशी समाजसेविका मिठूबेन पेटिट यांनी तेथे कस्तुरबांच्या नावाने आश्रम उभा करून आदिवासी व गरीब मुलांच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. नवसारी त्या काळी बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखात होती, म्हणजे इंग्रजी कायद्याविरुद्ध निघालेली ती तुकडी एका मराठी राजाच्या शहरात मुक्कामास होती. याच नवसारीत 1839 साली जमशेटजी टाटांचा जन्म झाला. पारशांचे आतशबेहराम, जिनमंदिरे, हिऱ्यांचे कारखाने हे सारे पाहण्यास येथे अर्धा दिवस अधिक काढला तरी तो वाया जाणार नाही.

तिसरा दिवस विजलपूर आणि कराडीचा. ऊस, आंबा आणि चिकूच्या बागांचा हा मुलूख हळूहळू खारट होऊ लागतो. दांडीच्या सत्याग्रहानंतर गांधीजी कराडीस झोपडी बांधून राहिले, आणि तेथूनच 4 मेच्या मध्यरात्रीनंतर, 5 मे 1930 रोजी, त्यांना पकडण्यात आले. चौथ्या दिवशी कराडीहून दांडी. हा टप्पा लहान आहे. तो पहाटेच उरकून समुद्र गाठावा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सुरतेस पोहोचण्यापूर्वी तीन दिवस, 29 मार्च रोजी, ओलपाड तालुक्यातील भाटगाम येथे गांधीजींनी एक भाषण केले. त्यात त्यांनी सरकारचे नव्हे, स्वतःच्या तुकडीचे दोष मांडले. गावकऱ्यांनी काय द्यावे हे त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर केले होते : साधे अन्न द्यावे, गोडधोड नको, पानसुपारी-चहावर खर्च नको, निजावयास स्वच्छ जागा पुरे. परंतु वाटेत प्रेमापोटी सगळेच सैल होत गेले. दुधासाठी सुरतेहून मोटारलॉरी धावू लागली. रात्रीच्या चालीत उजेड हवा म्हणून एका मजुराच्या डोक्यावर जड किटसन बत्ती देऊन त्याला घाईघाईने पुढे पळविले जात होते. हे पाहून त्यांचे मन व्यथित झाले. याच महिन्याच्या प्रारंभी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून दाखविले होते की त्याचा पगार दिवसाला 700 रुपयांहून अधिक पडतो आणि सामान्य हिंदी माणसाची कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी आहे. असा हिशेब दुसऱ्याला विचारणाऱ्याने आपली वही आधी तपासली पाहिजे, असा त्यांचा रोख होता.

भाटगामचा हा प्रसंग पायी सुट्टीवर निघणाऱ्या प्रत्येकाने मनात धरावा, अशी आमची नम्र सूचना आहे. चालणारा आपण साधेपणाने जात आहोत असे समजतो. परंतु त्याची बत्ती कोणाच्या तरी डोक्यावर असू शकते. स्पेनमधील त्या वाटेवरसुद्धा यात्रेकरूंचे सामान मोटारीने पुढील मुक्कामी पोहोचविणारे व्यावसायिक आता आहेत. आपणही चार दिवस हौसेने चालावे आणि मागून स्वयंपाक्यांचा ट्रक, तंबू, गाद्या आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी यावीत, हे अगदी सहज घडेल. कारण पैशाने ते सारे विकत मिळते. मग आपण जे चाललो ते केवळ आपल्या मोटारीच्या पुढे चाललो, इतकेच.

म्हणून काही बंधने आपणहून घालून घ्यावीत. पाच-सात माणसांहून मोठा जमाव नसावा, म्हणजे लहान गावावर भार पडत नाही. प्रत्येकाने आपली पिशवी स्वतः उचलावी. दोन जोड कपडे, एक पांघरूण, शिधा आणि पाण्याचे भांडे एवढ्यावर भागते. मुक्कामाची सोय आधीच विचारून ठरवावी. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळचा टप्पा आखडता घेऊन सूर्यास्तापूर्वी भोजन उरकेल असे पाहावे. उकळलेले पाणी दुपारच्या विसाव्यातच करून घ्यावे. गावातून भाजी, दूध, सरपण जे घ्याल त्याचे पुरे दाम द्यावेत. पाहुणचार म्हणून फुकट घेऊ नये आणि व्यापारी म्हणून घासाघीसही करू नये. आणि रोज रात्री वहीत तीन रकाने मांडावेत : आज काय लागले, ते कोणी आणले-उचलले, आणि त्याला काय मिळाले. तुकडीतील प्रत्येकाने रोजनिशी ठेवावी असा दंडक त्या वेळीही होता.

सुरक्षिततेचाही विचार हवा. 1930 ची धुळीची वाट आता बहुतांशी डांबरी सडक झाली आहे. विहारातील साधुसाध्वींना भरधाव वाहनांनी ठोकरल्याच्या दुःखद वार्ता आपण ऐकतो. शक्य तेथे मोठा हमरस्ता टाळून गावाचे रस्ते धरावेत, अंधारात चालू नये, आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने एकामागे एक चालावे. ऋतू म्हणाल तर चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. खंभातच्या आखाताजवळील या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे अंतर मोठे असते, अमावास्या-पौर्णिमेस तर फारच. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारावे.

या वाटेवर स्त्रियांनी आवर्जून निघावे. मूळ तुकडीत एकही स्त्री नव्हती, हे खरे. पण 13 एप्रिल 1930 रोजी दांडीलाच गुजरातमधील स्त्रियांची परिषद भरली, आणि दारूची व परदेशी कापडाची दुकाने अडविण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. सुरतेच्या कापडबाजाराला स्त्रीशक्तीची ओळख झाली ती या काळात.

दांडीला आज काय आहे? 6 एप्रिलच्या सकाळी समुद्रस्नान करून गांधीजींनी मूठभर मीठ उचलले त्या परिसरात राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक 30 जानेवारी 2019 रोजी खुले झाले. चालणाऱ्या सत्याग्रहींचे पुतळे तेथे आहेत. ज्या 'सैफी व्हिला'त गांधीजी उतरले ते घर दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचे होते. पुढे त्यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. एका बोहरा धर्मगुरूच्या घरी उतरलेला वैष्णव घरचा पुरुष, त्याच्या प्रार्थनेत गाणारा मराठी गवई आणि त्या लढ्यात उतरलेली पारशी स्त्री, असा तो मेळ होता.

मीठ हा आपल्याही घरातील विचाराचा पदार्थ आहे. कच्चे मीठ सचित्त मानून ते भाजून वापरण्याची चाल आपल्या अनेक स्वयंपाकघरांत आजही आहे. म्हणजे चिमूटभर मिठापाशी थांबून विचार करण्याची सवय आपल्याला मुळातच आहे. ते आगरात कोणी पिकविले, कोणाच्या पायांना खार लागला आणि कोणी ते वाहून आणले, एवढे प्रश्न त्या विचाराला जोडावयाचे आहेत. हेच प्रश्न पुढे साडीच्या गठ्ठ्याला आणि हिऱ्याच्या पुडीलाही लावता येतात. दुकानाच्या गादीवर बसून ते सुचत नाहीत. चार दिवस स्वतःचे ओझे खांद्यावर घेतले की सुचतात. गादीवर बसण्याचे वय झालेल्या मुलांना हे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही.

येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतर आपल्या सभासदांपैकी चार-पाच कुटुंबांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लहान तुकड्यांनी ही वाट चालून पाहावी, आणि परतल्यावर आपल्या तीन रकान्यांच्या वह्या एकत्र बसून वाचाव्यात. त्या वाचनात जो हिशेब निघेल, तो पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापण्याजोगा असेल. एवढे विनंतीपूर्वक सुचवून हा लेख पुरा करतो.