दाढेतली ‘चांदी’ २०३४ पर्यंत बंद होणार, मग डेंटिस्टांच्या संघटना इतकी वर्षं ‘जरा दमानं’ का म्हणत होत्या?

आरशासमोर उभं राहून तोंड मोठ्ठं उघडा आणि मागच्या दाढा बघा. एखाद्या दाढेच्या मधोमध करडा, काळपट ठिपका दिसतोय का? तुमच्या तोंडात नसेल तर आईच्या, बाबांच्या किंवा आजीच्या दाढेत तो असण्याची शक्यता बरीच आहे. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘दाढ किडली होती, चांदी भरून घेतली.’

गंमत अशी की या चांदीत चांदीपेक्षा पारा जास्त असतो. जवळपास निम्मा पारा आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं. या मिश्रणाला म्हणतात डेंटल अॅमल्गम. दीडशेहून जास्त वर्षं जगभरातल्या किडक्या दाढा या मिश्रणाने बुजवल्या गेल्या.

आता ते बंद होणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराची सहावी परिषद झाली. तिथे जमलेल्या देशांनी डेंटल अॅमल्गम २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं. भारताने हा करार २०१८ मध्येच मंजूर केलाय, म्हणजे विषय आपल्याकडेही येणार.

पण या बातमीच्या मागे एक लांबलचक ओढाताण आहे. एका बाजूला ‘लवकर बंद करा’ म्हणणारे देश आणि पर्यावरणवादी गट. दुसऱ्या बाजूला डेंटिस्टांच्या आणि दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटना. पारा कमी व्हावा हे दोघांनाही मान्य होतं. भांडण होतं ते तारखेवरून.

मुळात डेंटिस्टांची संघटनाच पाऱ्यावरून फुटली होती

१८३३ मध्ये क्रॉकर नावाचे भाऊ युरोपातून न्यूयॉर्कला आले आणि ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा भारदस्त नावाने पारा आणि चांदीचं मिश्रण लोकांच्या दातांत भरू लागले. सोनं भरण्यापेक्षा हे स्वस्त, झटपट आणि कमी दुखणारं. सोनं भरणाऱ्या प्रतिष्ठित डेंटिस्टांचं पित्त खवळणारच.

१८४० मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स’ ही डेंटिस्टांची पहिली राष्ट्रीय संघटना सुरू झाली. तिने पुढे सदस्यांकडून अॅमल्गम न वापरण्याची लेखी शपथ मागितली. आजही इतिहासात हे प्रकरण ‘अॅमल्गम वॉर’ म्हणूनच ओळखलं जातं. पण पेशंटला परवडणारं हवं होतं आणि डेंटिस्टांना पेशंट हवे होते. सदस्य गळत गेले आणि १८५६ मध्ये संघटनाच गुंडाळली गेली. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये नायगारा फॉल्स इथे अमेरिकन डेंटल असोसिएशन जन्माला आली. ती आजही म्हणते की अॅमल्गम सुरक्षित आहे.

या संघटना नेमकं करतात काय?

डेंटिस्टांची सगळ्यात मोठी जागतिक संघटना म्हणजे एफडीआय वर्ल्ड डेंटल फेडरेशन. १९०० साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संघटनेचं मुख्यालय आज जिनिव्हात आहे आणि ती १० लाखांहून जास्त डेंटिस्टांचं प्रतिनिधित्व करते. आपली इंडियन डेंटल असोसिएशनही तिची सदस्य आहे. २०१४ मध्ये एफडीआयची वार्षिक परिषद दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात झाली होती.

ही परिषद दरवर्षी वेगळ्या देशात भरते. २०२४ मध्ये इस्तंबूल, २०२५ मध्ये शांघाय. बाहेरून बघितलं तर भव्य जत्रा वाटते. नव्या खुर्च्या, स्कॅनर, इम्प्लांट यांचे स्टॉल, भाषणं, सेल्फी. पण त्याच आठवड्यात आत संघटनेची सर्वसाधारण सभा बसते. कुठल्या विषयावर संघटनेची भूमिका काय, याची निवेदनं तिथे मंजूर होतात. तीच निवेदनं घेऊन प्रतिनिधी पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांना जातात. तिथे त्यांना मत नसतं, पण निरीक्षक म्हणून बोलता येतं आणि सरकारी प्रतिनिधींना गाठून आपलं म्हणणं पटवता येतं. ‘अॅडव्होकसी’ हा जड शब्द वापरतात तो याच कामाला. कंपन्यांसाठी इंटरनॅशनल डेंटल मॅन्युफॅक्चरर्स ही वेगळी संघटना आहे. पाऱ्याच्या चर्चेत या सगळ्यांचा सूर बराचसा एकच होता.

२०१३ मध्ये जपानमध्ये मिनामाता करार झाला तेव्हा या कामाचं फळ दिसलं. कराराला नाव मिळालं मिनामाता शहरावरून. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा माशांमार्फत माणसांच्या पोटात गेला आणि हजारो लोक कायमचे अधू झाले. हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये. इतकी पार्श्वभूमी असल्यामुळे पाऱ्याचे थर्मामीटर, बीपीची यंत्रं, ठरावीक बॅटऱ्या आणि दिवे या सगळ्यांना २०२० ही शेवटची तारीख मिळाली. दाताच्या अॅमल्गमला मात्र तारीख नव्हती. त्याच्यासाठी शब्द वापरला गेला ‘फेज डाउन’, म्हणजे कमी करत जा. ‘फेज आउट’, म्हणजे संपवा, असं लिहिलंच नाही. नऊ उपायांची यादी दिली आणि त्यातले किमान दोन करा असं सांगितलं.

म्हणजे ‘डाउन’ आणि ‘आउट’ या दोन छोट्या शब्दांमधल्या फरकाने अॅमल्गमला बारा वर्षं मिळाली.

पण ‘थांबा’ म्हणण्यामागे कारण काय होतं?

इथे संघटनांना सरळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

दाताच्या रंगाचं जे कॉम्पोझिट भरतात ते दिसायला छान असतं. पण भरताना दात पूर्ण कोरडा लागतो. लाळ लागली की चिकटण्यात घोळ होतो. ते थरांनी भरायचं आणि निळ्या लाइटखाली कडक करायचं, म्हणजे वेळ जास्त आणि लाइट असलेलं क्लिनिकही हवं. अॅमल्गम या बाबतीत रांगडं आहे. थोडी लाळ सहन करतं, लवकर भरून होतं, चावण्याचा जोर वर्षानुवर्षं झेलतं. दोन्हींची तुलना करणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात मागच्या दाढांमधलं कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका अॅमल्गमच्या जवळपास दुप्पट आढळला. हा पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही, पण संघटनांच्या हातात तो होता.

खरी गोष्ट उत्तर आयर्लंडमध्ये दिसली. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून अॅमल्गमवर बंदी घातली. विशिष्ट पेशंटसाठी डेंटिस्टला अगदी आवश्यक वाटलं तरच सूट. ब्रेक्झिटनंतरही उत्तर आयर्लंडला युरोपचे काही नियम लागू राहतात, त्यामुळे ही बंदी तिथेही येणार होती. ब्रिटिश डेंटल असोसिएशनने जोरदार आवाज उठवला. तिथल्या सरकारी दंतसेवेत डेंटिस्टला प्रत्येक कामाचे ठरावीक पैसे मिळतात. जास्त वेळ आणि महाग साहित्य लागलं, पण पैसे तेवढेच राहिले, तर डेंटिस्ट सरकारी पेशंट घेणंच सोडतील. म्हणजे बंदी पाऱ्यावर, पण दाढ राहणार गरिबाची.

युरोपियन कमिशनने जुलै २०२४ मध्ये माघार घेतली. उत्तर आयर्लंडला २०३४ च्या अखेरपर्यंत मुदत दिली आणि मिनामाता करारात त्याआधीची तारीख ठरली तर ती लागू होईल असं सांगितलं. एका डेंटल संघटनेने आकडे आणि पेशंटची बाजू मांडून मिळवलेलं हे यश आहे, हे मान्य करावं लागेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वीडन आणि नॉर्वेने पंधरा वर्षांपूर्वीच अॅमल्गमला रामराम ठोकला आणि तिथले लोक काही बिनदाढेचे झाले नाहीत. ही श्रीमंत देशांची चैन आहे असं म्हणावं, तर बंदीसाठी सगळ्यात जास्त रेटा लावला तो आफ्रिकेतल्या देशांनी. २०३० ही तारीख त्यांनीच मांडली होती. ‘गरीब देशांसाठी अॅमल्गम हवं’ हे श्रीमंत देशांतल्या परिषदांमध्ये बोललं जात होतं आणि गरीब देश मात्र म्हणत होते की आम्हाला नको.

त्यांचं कारण साधं आहे. पारा तोंडात थांबत नाही. दाढ भरताना आणि जुनं भरलेलं काढताना त्याचे कण चूळ टाकायच्या बेसिनमधून गटारात जातात. पेशंट गेला की अंत्यसंस्काराच्या वेळी तो हवेत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने तिथले दवाखाने वर्षाला सुमारे ५.१ टन पारा सांडपाण्यात सोडत होते. म्हणून २०१७ मध्ये नियम करून दवाखान्यांना पारा अडवणारं उपकरण, अॅमल्गम सेपरेटर बसवायला लावलं. ज्या देशात सांडपाणी प्रक्रियेचीच बोंब आहे, तिथे प्रत्येक दवाखान्यात सेपरेटर बसवण्यापेक्षा पारा येऊच न देणं सोपं पडतं. पूर्वी तर डेंटिस्ट पारा बाटलीतून ओतून खलबत्त्यात घोटायचे आणि जास्तीचा पारा कापडातून पिळून काढायचे. तो श्वासावाटे रोज कुणाच्या पोटात जात होता, तर डेंटिस्टच्या आणि त्याच्या मदतनिसाच्या.

मग गाडी हळूहळू सरकली. २०२२ मध्ये बालीत देशांनी सुटा पारा वापरू नये असं ठरवलं. दुधाचे दात, १५ वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अॅमल्गम टाळायचं, डेंटिस्टला गरजेचं वाटलं तरच वापरायचं, हेही ठरलं. २०२३ च्या परिषदेत शेवटची तारीख पुन्हा हुकली. २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनीही परिषदेला पाठवलेल्या व्हिडिओतून अॅमल्गम संपवा असं सांगितलं. शेवटी २०३० मागणारे आणि तारीखच नको म्हणणारे यांच्यात २०३४ वर तडजोड झाली.

मधल्या मध्ये राहिलेला मुद्दा

त्या नऊ उपायांच्या यादीत एक उपाय होता दात किडूच नयेत यासाठी प्रयत्न करण्याचा. संघटनाही प्रत्येक निवेदनात हे लिहितात. २० मार्चचा जागतिक मौखिक आरोग्य दिन एफडीआयच साजरा करते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे आणि त्यातले चारपैकी तीन मध्यम किंवा कमी उत्पन्नाच्या देशांत आहेत. तारखेवर जितकं रण माजलं, त्याच्या निम्म्याने जरी साखर, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि शाळेतल्या दंततपासणीवर माजलं असतं, तर बुजवायला दाढाच कमी उरल्या असत्या.

पर्याय फक्त महागडं कॉम्पोझिटच आहे असंही नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झालेलं ग्लास आयोनोमर सिमेंट, ज्याला आपल्याकडे बरेच जण नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात, ते ओलसर दाताला चिकटतं आणि त्यातून फ्लोराइड झिरपतं. टांझानियात १९८० च्या दशकात यावर आधारलेली पद्धत सुरू झाली. हातातल्या साध्या अवजारांनी कीड खरवडायची आणि सिमेंट भरायचं. ड्रिल नको, वीज नको. मोठ्या खड्ड्यांना ते अॅमल्गमइतकं टिकत नाही, पण गावातल्या शिबिरात खुर्ची आणि कॉम्प्रेसर नसताना दाढ वाचवायची तर हे चालतं.

मग आता तुमच्या दाढेतल्या चांदीचं काय करायचं?

धडधाकट असेल तर काही नाही. सोशल मीडियावर ‘पारा आहे, आजच काढा’ म्हणणारे व्हिडिओ भरपूर फिरतात. चांगल्या स्थितीतलं अॅमल्गम भीतीपोटी काढू नका, हा सल्ला अमेरिकेच्या एफडीएसकट जाणकार संस्था देतात. काढताना उलट पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि दाताचा चांगला भागही खरवडला जातो. मुलांच्या बुद्धीवर आणि नसांवर परिणाम होतो का, हे बघणारे दोन मोठे प्रयोग अमेरिकेत आणि पोर्तुगालमध्ये झाले होते. २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले आणि अॅमल्गम भरलेल्या व न भरलेल्या मुलांमध्ये तसा फरक सापडला नाही.

नवीन भरून घेताना मात्र विचारा. गर्भवती असाल, बाळाला पाजत असाल, मूल लहान असेल, किडनीचा किंवा मेंदू आणि नसांचा आजार असेल, पाऱ्याची अॅलर्जी असेल, तर एफडीएनेही २०२० पासून शक्यतो दुसरं काही भरा असं सांगितलंय. आणि जुनी चांदी तुटली, हलली, खालून कीड लागली म्हणून काढायचीच असेल, तर डेंटिस्टला दोन गोष्टी विचारा. दाताभोवती रबर डॅम लावणार का? आणि काढलेला चुरा बेसिनमधून कुठे जाणार?