बोनेट शेवटी उघडा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बोनेट उघडायला सांगतो. सोबत नेलेला मिस्त्री इंजिन सुरू करतो, कान देऊन ऐकतो, ऑइलचं झाकण काढून वाफ येते का ते पाहतो, कुणाला तरी सायलेन्सरमागे धूर बघायला उभं करतो. तो ‘इंजिनाला हात लावायची गरज नाही’ असं म्हणाला, की सौदा निम्मा पटलेलाच असतो. मारुती किंवा ह्युंदाईच्या बाबतीत या क्रमात काही चूक नाही. इंजिनकाम हाच तिथला सगळ्यात मोठा खर्च असतो, बाकीचा पत्रा, दिवे, काचा धुळ्यातच मिळून जातात. पण धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या नोकरदार घराने त्याच सालच्या स्विफ्टपेक्षा स्वस्तात मिळते म्हणून फियाट पुंटो बघायला घेतली असेल, तर हा क्रम उलटा करायला हवा. पुंटोचं इंजिन हा तिच्यातला सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. ज्या वस्तूंकडे आपण ‘ते काय, बदलून घेऊ’ म्हणून बघत नाही, त्याच तिथे बदलून मिळत नाहीत.

आपल्याकडच्या बाजारात इटालियन हॅचबॅक म्हणजे फियाटचीच, आणि ती तीन पिढ्यांची. १९९६ ची उनो, २००१ ची पालिओ आणि २००९ ची ग्रँड पुंटो. उनो प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्याशी जोडलेली. तिच्या बुकिंगला झुंबड उडाली आणि कारखाना संपात अडकला. पालिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करायचा, तरी ती ‘पेट्रोल पिते’ या बदनामीतून सुटली नाही. या दोन्ही आता हौशी माणसाच्या गाड्या, रोजच्या वापराला घेऊ नयेत, एवढंच त्यांच्याबद्दल पुरे. खरा विचार करायचा तो पुंटोचा. ती पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या टाटा-फियाट कारखान्यात बनली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये नवा चेहरा घेऊन पुंटो इव्हो झाली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद पडली. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आणि २०२० चे बीएस-६ निकष समोर होते, आणि एवढ्या कमी खपाच्या गाडीवर त्यासाठी पैसे घालण्यात कंपनीला रस उरला नव्हता. २०२१ मध्ये फियाटची मूळ कंपनीच स्टेलँटिस या मोठ्या समूहात गेली. तोच समूह भारतात जीप विकतो, आणि फियाटचे अधिकृत सुटे भाग मागवायचे तर मोठ्या शहरातल्या जीपच्या वर्कशॉपचाच रस्ता धरावा लागतो.

‘कंपनी गेली म्हणजे पार्ट गेले’ हे वाक्य पुंटो विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला ऐकून घ्यावं लागतं. ते निम्मंच खरं आहे. याच फियाट घराण्यातल्या प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घ्या. जुनी माणसं तिला नुसतं ‘फियाट’ म्हणत. तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं, तरी मुंबईच्या रस्त्यांवर तिची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. थांबली तीसुद्धा पार्ट मिळेनात म्हणून नव्हे, टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती म्हणून. दोन दशकं तिला कुणी जगवलं? कंपनीने नव्हे. हजारो टॅक्सींमुळे तिचा क्लच, तिचा रेडिएटर, तिच्या दरवाजाची मूठसुद्धा बनवणं कुणा ना कुणा छोट्या कारखानदाराला परवडत होतं. उलट तिच्यानंतर आलेली, तिच्याहून आधुनिक पालिओ आधी अडचणीत आली, कारण तिची संख्या तेवढी नव्हती. पार्टचं आयुष्य कंपनीच्या आयुष्यावर ठरत नाही, तो पार्ट किती गाड्यांना लागतो यावर ठरतं. पुंटो तपासताना हीच कसोटी एकेका भागाला लावायची: हा भाग पुंटोशिवाय आणखी कुणाला लागतो?

डिझेल इंजिनाला ही कसोटी लावली की निकाल चकित करणारा येतो. पुंटोचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन फियाटने मारुतीला परवान्यावर बनवायला दिलं होतं. २००७ पासूनची डिझेल स्विफ्ट, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा या सगळ्या त्याच इंजिनावर धावल्या. टाटाच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्ट, बोल्ट यांत ते ‘क्वाड्राजेट’ नावाने बसलं. इटालियन इंजिन मारुतीच्या नावाने घराघरात पोहोचलं, यातली गंमत फियाटच्या मालकांनी वर्षानुवर्षं सांगितली आहे आणि ती खरी आहे. भाड्याने धावणाऱ्या डिझायर ज्या गॅरेजात येतात, तिथल्या मिस्त्रीला हे इंजिन नवं नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ‘स्विफ्टचंच इंजिन आहे, सगळं बसतं’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नये. इंजिनाच्या पोटातले भाग बरेचसे जुळतात. पण इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंग, वायरिंग, एसीचे पाइप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ही प्रत्येक कंपनीची आपापली बांधणी आहे. ७५ आणि ९० हॉर्सपॉवरच्या आवृत्त्यांचे टर्बोही वेगळे आहेत.

आता त्या भागांकडे येऊ, जे पुंटोशिवाय कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. समोरचे लांबट हेडलाइट, बंपर, मागचे दिवे, दरवाजाच्या काचा, आरसे, डॅशबोर्डावरची बटणं, मीटर. त्यातही २०१४ च्या आधीचा चेहरा वेगळा, नंतरचा वेगळा, म्हणजे आधीच थोडी असलेली संख्या पुन्हा दोनात वाटली गेली. म्हणून तपासणी पत्र्यापासून सुरू करावी, सकाळच्या तिरप्या उन्हात, गाडी धुतलेली आणि कोरडी असताना. दरवाजाच्या रबरी बिडिंगचा काठ बोटाने ओढून बघा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसतील. ते बुजलेले, वेडेवाकडे किंवा लांबीखाली दडलेले असतील, तर तिथला पत्रा कापून जोडला आहे. बोनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट पाहा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर तिथे कधीतरी पाना लागला आहे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं चिन्ह आणि बारीक आकड्या-ठिपक्यांत तिचा काळ असतो. सगळ्या काचा गाडीच्याच सालाच्या आसपासच्या हव्यात. एकच वेगळी निघाली तर दगड लागला असेल. एका बाजूच्या दोन वेगळ्या निघाल्या तर ती बाजू ठोकलेली आहे. हेडलाइट नुसते पिवळे पडलेले असतील तर घासून निघतात, पण आत पाण्याचे थेंब किंवा तुटलेला कान दिसला तर त्याची पूर्ण किंमत सौद्यातून वजा करा.

विजेच्या कामात घाई करू नये. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, मीटरमधले एअरबॅग, एबीएस, इंजिन यांचे इशारादिवे लागले पाहिजेत आणि थोड्या वेळाने विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो बरा आहे असं नव्हे, बिघाड लपवायला तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. गाडीला स्कॅनर लावून साठलेले दोष वाचून घ्यायला फार पैसे पडत नाहीत, आणि या गाडीत तो खर्च टाळणं म्हणजे शुद्ध कंजूषपणा. चारही काचा खालपासून वरपर्यंत चालवा, मधला लॉक प्रत्येक दरवाजातून तपासा, ब्लूटूथची सोय असली तर फोन जोडून बघा. चाव्या दोन आहेत का हे विचारा. फियाट गाडीबरोबर ‘कोड कार्ड’ नावाचं छोटं कार्ड द्यायची. चावीतली चोरीरोधक चिप नव्याने ओळखवताना ते उपयोगी पडतं. ज्याच्याकडे ते कार्ड, दुसरी चावी आणि सर्व्हिसची बिलं आहेत, त्याच्याशी थोडे जास्त पैसे देऊनही सौदा करावा. २०१३ पर्यंत ही गाडी टाटाच्या दालनांतूनच विकली आणि दुरुस्त केली जायची, त्यामुळे जुन्या बिलांवर टाटाच्या डीलरचं नाव दिसलं तर संशय घेऊ नये.

विजेच्या या नाजूकपणामुळेच पुरातून निघालेली पुंटो कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथल्या भिजलेल्या गाड्या पुढे कुठल्या गावी विकल्या गेल्या हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर ती कुणी धुतलेली नसते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा आणि पुढच्या सीटखालचे रूळ गंजलेत का ते बघा.

एवढं झालं की मग बोनेट उघडा. डिझेलमध्ये टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन आयुष्यभर टिकते’ हे ऑइल वेळेवर बदलणाऱ्यासाठी खरं. गाडी रात्रभर थंड असताना सुरू करून घ्यावी, आणि मालकाने आपण येण्याआधीच ती गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. सुरू होताना चेनचा खडखडाट आला तर खर्च जवळ आला आहे. पेट्रोलच्या १.२ आणि १.४ इंजिनांना बेल्ट आहे. तो किलोमीटरवर तसाच वर्षांवरही मोजायचा असतो, म्हणून कमी चाललेली पेट्रोल पुंटो आपोआप चांगली ठरत नाही. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. नसेल तर बदललाच नाही असं धरा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यावर इंधनाचे रबरी पाइपही बघून घ्यावेत. मग आग्रा रोडने गाडी ललिंगच्या घाटाकडे न्या. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली हे डिझेल इंजिन आळशी वाटतं. तो त्याचा स्वभावच आहे, दोष नव्हे. पण त्यानंतर चढावर टर्बोचा जोर स्पष्ट जाणवला पाहिजे. तो आलाच नाही, किंवा काळा धूर सुटला, तर टर्बो नाहीतर त्याचे पाइप तपासायला हवेत. ही चक्कर दुपारी बारानंतर मारावी. खानदेशात एप्रिल-मेचा पारा जिथे जातो तिथे कूलिंगची परीक्षा पुण्यापेक्षा कडक असते. घाटातून परतल्यावर एसी चालू ठेवून गाडी जागेवर उभी करा, पंखा लागतो का, तापमानाचा काटा मध्यावरच राहतो का ते बघा. खड्ड्यांतून जाताना पुढून ठकठक आली तर घाबरू नका. लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश ही पुंटोची नेहमीची कामं आहेत. स्टिअरिंग रॅक मात्र ओला दिसला तर भाव पाडायला सबळ कारण मिळालं.

यावर सरळ आक्षेप येतो: एवढी उठाठेव करण्यापेक्षा चार पैसे जास्त घालून स्विफ्टच का घेऊ नये? ज्याला गाडी दोन वर्षांत विकायची आहे, त्याने खरंच स्विफ्ट घ्यावी. पुंटो पुन्हा विकताना आपणही तेच ‘पार्ट मिळत नाहीत’ ऐकणार. पण ज्याला धुळे-नाशिक, धुळे-इंदूर असा हायवे वारंवार करायचा आहे, त्याला त्याच इंजिनाभोवती जास्त जड, रस्त्याला धरून राहणारी गाडी कमी पैशात मिळते. भाव पडला आहे तो गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तर खरेदीदार थोडे आहेत म्हणून. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अपघात झाला तर बंपर-दिव्यासाठी गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहील. हे खरंच आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे घरात दुसरं वाहन असणं. घरातली एकुलती एक गाडी म्हणून, विशेषतः रोज दवाखान्याच्या फेऱ्या असतील तर, पुंटो घेऊ नये. विम्याची जुनी पॉलिसीही वाचा. नो क्लेम बोनस शून्य दिसला तर आधीच्या वर्षी क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. कशाचा, ते विचारा.

कागदांत सगळ्यात महत्त्वाची तारीख नोंदणीची. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते. २०१० ला पासिंग झालेल्या पुंटोची मुदत २०२५ ला संपते, मग फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि २०२२ पासून पाच हजारांवर गेलेलं नूतनीकरणाचं शुल्क. एमएच-१८, १९ किंवा १५ ची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ऑनलाइन ई-चलनं भरून घेणं, एवढ्यात काम होतं. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा लागल्यावर तिकडच्या पुंटो फार कमी भावात देऊ केल्या गेल्या. पण तिकडची गाडी आणायची तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा आणि नवा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा हिशेब मांडला की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. भाव ठरवताना गाडीची पुनर्विक्री किंमत शून्य धरा आणि मागितलेल्या रकमेला आरसीच्या उरलेल्या वर्षांनी भागा. मार्च २०१६ ला नोंदलेली इव्हो २०३१ च्या मार्चपर्यंत चालेल, २०११ च्या ग्रँड पुंटोला तेवढी वर्षं उरलेलीच नाहीत. दोघींच्या भावातला फरक त्या प्रमाणात नसेल तर जुनी सोडून नवी घ्यावी, आणि तरीही पैसे देण्याआधी तिचे हेडलाइट एकदा पुन्हा बघून घ्यावेत.