उंबरठ्यावरची नावे

खानदेशात अक्षय्य तृतीयेच्या सणाला आखाजी म्हणतात. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गाण्यांनी गाव भरून जातो. याच दिवशी घरोघर मातीची नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजली जाते. एकेका पूर्वजाचे नाव घ्यावे आणि उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट ओढावे, अशीही चाल आहे. आजोबा, पणजोबा इथपर्यंत हात भराभर चालतो. पुढे मात्र तो थबकतो. पणजोबांच्या वडिलांचे नाव काय होते? पणजीची आई कोणत्या गावची होती? घरातील वडील माणसे एकमेकांकडे पाहतात, आणि राहिलेल्या सर्वांसाठी मिळून एकच बोट ओढले जाते.

मुलांनो, त्या एका बोटामागे किती माणसे उभी असतील! त्यांनी विहिरी खणल्या, दुष्काळ सोसले, कधी एक गाव सोडून दुसरे वसविले. त्यांची नावे कायमची पुसली गेली आहेत काय? पुष्कळदा तसे झालेले नसते. ती नावे कोठेतरी लिहिलेली असतात. ती शोधण्याची एक रीत आहे. त्या रीतीची ओळख आज आपण करून घेऊ.

या शोधाचा पहिला नियम असा की, जे ठाऊक आहे तेथून जे ठाऊक नाही त्याकडे जावे. एखाद्या प्रसिद्ध पुरुषापासून आरंभ करून आपल्यापर्यंत येऊ नये. आपल्यापासून आरंभ करून एकेक पायरी मागे जावे. म्हणून पहिले दप्तर म्हणजे आपले घर आणि त्या दप्तराची पहिली रखवालदार म्हणजे आपली आजी. तिला सावकाश विचारावे. तिचे माहेर कोणते, तिच्या आजीचे नाव काय, घरातील शेत केव्हा व कोणाकडून घेतले, हे सारे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले, याचीही नोंद करावी. मग जुन्या पेटीतील जन्मपत्रिका, खरेदीखते, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि लग्नपत्रिका पाहाव्यात.

घराबाहेर पडल्यावर जवळचे ठिकाण म्हणजे गावची शाळा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचा दिवस अशी माहिती असते. दुसरे साधन म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींची सरकारी वही. तिला गाव नमुना क्रमांक १४ म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र तिचे नाव ‘कोतवाल बुक’ असे आहे. मूल जन्मले की ती वार्ता गावच्या दप्तरात जाई. बारसे व्हायचे असल्यामुळे तेथे बाळाचे नाव बहुधा नसते. अमक्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली, एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावरूनही पुष्कळ काही कळते.

तिसरे साधन म्हणजे जमिनीचे कागद. शेतकऱ्याच्या मुलांना सातबारा ठाऊक असतोच. पण सातबारा हे आजचे चित्र आहे. कालची कथा फेरफाराच्या नोंदीत असते. खातेदार वारला म्हणजे त्याच्या वारसांची नावे लावण्यासाठी फेरफार होतो. तेथे मृताचे नाव, साधारण कोणत्या काळी तो वारला ते, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांची नावे असतात. अशा रीतीने एकेक फेरफार आपल्याला एकेक पिढी मागे नेतो.

कागद शोधताना जिल्ह्यांचा इतिहासही ध्यानात ठेवावा लागतो. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेशात इंग्रजांचा अंमल बसला. तेव्हा सारा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठिकाण धुळे हे होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून आज ज्याचे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे, त्याच्या पणजोबांचा कागद धुळ्याच्या दप्तरात निघाला तर नवल वाटायला नको. माणूस आपल्या ओसरीवरून हलला नाही, तरी त्याच्या गावाचा जिल्हा बदलला!

कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. भाषा मराठीच, पण अक्षरे एकमेकांत गुंतलेली, वळणदार आणि हात न उचलता भरभर लिहिलेली. ती प्रथम पाहिली की मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसते. तथापि मोडी ही काही जादूची लिपी नव्हे. महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग आणि अनेक संस्था तिचे वर्ग चालवितात, आणि नेमाने सराव करणारा तिच्यात गती मिळवितो.

दुसरी अडचण सनावळीची. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. जुन्या मराठी पत्रांत मात्र बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सीत सितैन मया व अलफ’ असे शब्द आढळले तर घाबरून जाऊ नये. सीत म्हणजे ६, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. बेरीज झाली ११६६. हे वर्ष मृग नक्षत्राबरोबर सुरू होते. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळविले की १७६५–६६ हे वर्ष मिळते.

याहून जुन्या काळातील वंशावळी बहुधा वतनाच्या तंट्यांमुळे टिकल्या आहेत. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. दोन भाऊबंद हक्कासाठी भांडू लागले की प्रत्येकाला आपला वंश सांगावा लागे. मग गावातील जाणती माणसे गोतसभेत बसत, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, तर स्त्रीची निशाणी बांगडीची असे. भांडणे वाईट खरीच; पण भाऊबंद भांडले म्हणून त्यांच्या पूर्वजांची नावे आपल्या हाती आली!

कागद केवळ सरकारी दप्तरातच असतात असे नाही. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय आपल्याकडे येणाऱ्या यजमानांची नावे गावांप्रमाणे व कुळांप्रमाणे वह्यांत लिहून ठेवतात. खानदेशातील काही समाजांत भाटांचीही परंपरा आहे. भाट आपली वही घेऊन गावोगाव फिरतो, जुनी नावे वाचून दाखवितो आणि नव्याने जन्मलेल्यांची नावे वहीत चढवितो.

आता एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. लिहिलेले सारेच खरे असते असे मानू नये. वतनाच्या लोभाने कोणी खोटी वंशावळ रचली, तर कोणी प्रतिष्ठेच्या मोहाने आपले मूळ राजकुळाला नेऊन भिडविले, असेही झाले आहे. म्हणून प्रत्येक नावासाठी शक्यतो दोन स्वतंत्र पुरावे पाहावेत. काळाचा हिशेब करावा. एका पिढीला साधारण २५ वर्षे धरली, तर १८१८ पासून आजपर्यंत सुमारे आठ पिढ्या होतात. कोणी या काळात तीनच नावे सांगितली, तर मधली नावे गळली आहेत हे ओळखावे. नावांचा सारखेपणाही फसवितो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात दोन सखाराम सापडतात. आडनावाचे तर विचारूच नका. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे खानदेशात निरनिराळ्या जातींत आढळतात. केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जुळत नाही.

या साऱ्या शोधात एक उणीव वारंवार खुपते. बहुतेक जुन्या वंशावळी पुरुषांच्याच आहेत. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी वेल चढत जाते आणि आई, बहीण, लेक यांना तिच्यावर पानाएवढीही जागा मिळत नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू कुटुंबांतील मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळाला आणि वारसांच्या कागदांत लेकींची नावे अधिक दिसू लागली. त्यापूर्वीच्या स्त्रियांची नावे मात्र बहुधा आठवणींतूनच वेचावी लागतात. तीच गोष्ट भूमिहीन मजुरांची आणि सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांची. तंजावरच्या राजघराण्याला आपला वंशवृत्तान्त दगडावर कोरविता आला. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी कोरलेला तो मोठा मराठी लेख तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात आजही आहे. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, वतन नव्हते, त्यांच्यासाठी छिन्नी कोण चालविणार? आज शिष्यवृत्तीसाठी वा दाखल्यासाठी पणजोबांच्या नावाची जुनी नोंद मागितली जाते, तेव्हा या उणिवेचा त्रास अशा घरांतील मुलांनाच अधिक होतो.

आणि जे कागद होते, तेही सारे उरलेले नाहीत. काही वाळवीने खाल्ले, काही पावसात भिजले, काही रद्दीत गेले. हा नाश पाहून ज्यांचे मन पेटून उठले, त्यांपैकी एक म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ते गावोगाव हिंडले, जुन्या घराण्यांची दप्तरे त्यांनी धुंडाळली, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंडांत असंख्य पत्रे छापून अमर केली. त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. पुढल्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. ही संस्था आजही आपल्या खानदेशात आहे.

कागद वाचविण्याइतकेच आठवणी वाचविण्याचे मोल आहे. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि त्यांचे एक आप्त यांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. घरातील कोणी लेखणी हाती घेतली नसती, तर ते धन त्यांच्याबरोबरच गेले असते. तुमच्या आजीच्या तोंडी कदाचित काव्य नसेल. पण तिला ठाऊक असलेली दहा नावे तिच्यावाचून कोणालाच ठाऊक नसतील.

हे काम एकट्याने पुरे होत नाही. खरेदीखत एका चुलत्याकडे असते, जुने छायाचित्र आतेकडे असते आणि गोष्ट मात्र तिसऱ्याच घरी ठाऊक असते. म्हणून सर्व शाखांनी मिळून एक वंशावळ करावी आणि तिची एकेक प्रत प्रत्येक घरी ठेवावी. एका घरी पाणी शिरले तरी दुसऱ्या घरी प्रत राहते. जिवंत माणसांची माहिती मात्र त्यांना विचारल्यावाचून चारचौघांत नेऊ नये.

शेवटी एक गणित करून पाहा. तुम्हांला आईवडील २, आजोबा-आजी ४, त्यांच्या मागे ८, मग १६. दहाव्या पिढीला ही संख्या १,०२४ होते आणि विसाव्या पिढीला १० लाखांवर जाते. इतकी निरनिराळी माणसे एकाच घरामागे असणे कठीण; म्हणून पुष्कळ जागी तीच ती नावे पुन्हा येत असली पाहिजेत, आणि आपले पूर्वज तेच शेजाऱ्याचेही पूर्वज असले पाहिजेत. ज्याने वंशाचा गर्व करण्यासाठी शोध आरंभिला, त्याला हे गणित नम्र करते. वंशावळ खरी लिहिली तर ती आपल्याला इतरांपासून दूर नेत नाही. ती आपल्याला त्यांच्या ओसरीवर नेऊन बसविते.

येत्या आखाजीला उंबरठ्यापाशी बसाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. या वर्षी कुंकवाचे एक तरी बोट नावाने वाढले, तर तुमच्या घरातील एक हरवलेले माणूस परत आले असे समजा. ते नाव पणजीचे असेल, तर अधिकच चांगले.