आडदांड घोडा आणि ‘ढील’ या शब्दाचा अर्थ

भोकरदनच्या परिसराचा घोड्यांशी असलेला संबंध इतिहासप्रसिद्ध आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे वेलस्लीची सेना व शिंदे-भोसले यांच्या फौजा यांच्यात लढाई झाली. तत्पूर्वी मराठी घोडदळाचा तळ याच भोकरदन-जाफराबाद टापूत पडला होता. तळावर घोडा कसा आवरीत, हे भाषेने जपून ठेवले आहे : पुढून बांधण्याची दोरी ती अगाडी, मागील पाय जखडण्याची ती पिछाडी आणि घोडा शिकविणारा तो चाबूकस्वार.

या शब्दांवरून घोड्यास शिस्त लागते ती दोरीने व चाबकाने, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि खुंटीस बांधलेला घोडा केवळ जागेवर राहतो. दोर सुटल्यावर माणसाशी कसे वागावे, हे तो तेवढ्याने शिकत नाही.

आडदांडपणा हा बहुधा शिकलेला गुण होय. दाण्याची पाटी दिसताच घोडा खांद्याने रेटतो आणि माणूस सहजच एक पाऊल मागे सरतो. माणसाच्या दृष्टीने ही सावधगिरी. घोड्याच्या दृष्टीने मात्र हे उत्तर आहे. रेटल्याने वाट मिळते, हा धडा त्याला रोज दोनदा मिळू लागतो. पुढे कोणाचा पाय खुराखाली चिरडतो आणि मार मात्र घोड्यास बसतो.

उपाय याच क्रमाच्या उलट चालतो. घोड्यास कपाळासमोरचे व पाठीमागचे नीट दिसत नाही. यास्तव त्याच्या खांद्याच्या बाजूस उभे राहावे. दोर हातास गुंडाळू नये. दोर हलकेच मागे ओढून ताण द्यावा. प्रतिसाद न मिळाल्यास तो क्रमाने वाढवावा, हिसका देऊ नये. घोड्याने शरीराचा भार किंचित मागे घेताच, त्याच क्षणी, दोर सैल सोडावा. पहिल्या दिवशी एवढे पुरे. नंतर एक पाऊल, मग दोन. पाटीही तो मागे सरून शांत उभा राहिल्यावरच ठेवावी. घरातील सर्वांनी एकच रीत पाळणे अवश्य आहे. एकाने शिकवावे व दुसऱ्याने मोडावे, याने घोडा गोंधळतो. शांत घोडा एकाएकी दांडगाई करू लागल्यास प्रथम पशुवैद्यास दाखवावे. कारण वेदनाही असू शकते.

येथे शब्दापेक्षा देहाची हालचाल अधिक बोलते. बर्लिनमधील ‘हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवितो, असा बोलबाला होता. ओस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखविले की, तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली वाचीत असे. आपण तोंडाने ‘मागे हो’ म्हणतो आणि पायाने आपणच मागे होतो, तेव्हा घोडा पायाचे ऐकतो.

भाषाभ्यासकास यात एक लक्षणीय गोष्ट आढळेल. व्यवहारात ‘ढील देणे’ म्हणजे शिस्त सैल करणे, शैथिल्य दाखविणे. घोड्याच्या शिक्षणात मात्र ढील हाच धडा आहे. ताण हा केवळ प्रश्न. ‘बरोबर’ हे उत्तर घोड्यास कळते ते दोर सैल होतो तेव्हा. ढील उशिरा मिळाली तर तो भलतेच शिकतो, आणि मुळीच न मिळाली तर ताणास अर्थच उरत नाही. चिन्हाचा अर्थ त्याच्या जोरावर नव्हे, तर त्याच्या वेळेवर अवलंबून असतो, हे तत्त्व घोड्याच्या दोरातही प्रत्ययास येते.