अरबी पडद्याशी ओळख : लोअर परळमधील प्रेक्षकांसाठी

लोअर परळ स्थानकातून बाहेर पडून ना. म. जोशी मार्गाला लागले की दीपक हे जुने चित्रपटगृह लागते. १९२६ साली ते उभे राहिले, तेव्हा भोवताली गिरण्यांचे भोंगे वाजत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर भोंगे हळूहळू थांबले आणि फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. पुढे २०१४ च्या सुमारास दीपक हे ‘मॅटरडेन’ या नावाने जागतिक चित्रपटांसाठी पुन्हा खुले झाले. ‘मामि’ महोत्सवाच्या काही वर्षांच्या आवृत्त्यांत फिनिक्समधील पडद्यांवरही परदेशी चित्रपट दाखविले गेले. गिरणगावच्या प्रेक्षकाला परका चित्रपट नवा नाही. अरबी चित्रपट मात्र बहुतेकांना अजून अनोळखी आहे. म्हणून वाचकांसाठी त्याची थोडी ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

अरबी चित्रपटांचे स्वतंत्र महोत्सव परदेशांत स्थलांतरितांच्या वस्त्यांतून उभे राहिले. त्यांपैकी जुना म्हणजे १९९६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेला महोत्सव. आपल्याविषयी इतरांनी बनविलेल्या चित्रपटांत आपण एकतर वाळवंटातील शेख असतो नाहीतर बाँब ठेवणारे, ही तेथील अरब कुटुंबांची तक्रार होती. आपले चित्रपट आपणच शेजाऱ्यांना दाखवावेत, हा त्यावरचा उपाय. मुंबईत असे काम प्रामुख्याने फिल्म सोसायट्यांनी केले. १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी प्रेक्षकाला जगाचा चित्रपट पाहण्याची सवय लावली. त्याच चळवळीतील सुधीर नांदगावकर यांनी २००२ पासून ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव मुंबईत रुजविला. पुढे त्यांचे निधन झाले.

आता ‘अरब’ म्हणजे कोण? आपल्याकडे अरब म्हणजे मुसलमान, असे गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही. अरब ही प्रथम भाषेची ओळख आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या अरब लीगमध्ये आज २२ सदस्य आहेत आणि त्यांपैकी लेबनॉन, सीरिया, इजिप्त, इराक, जॉर्डन, पॅलेस्टाइन येथे अरबी बोलणारे ख्रिस्ती समाज प्राचीन काळापासून नांदत आहेत. ते उपासना करतात तीही पुष्कळ ठिकाणी अरबीत. शिवाय ही भाषा आपल्या कानाला वाटते तितकी परकी नाही. कायदा, हुकूम, तारीख, वकील, इमारत, अर्ज, जिल्हा, हिशेब हे शब्द मूळ अरबी आहेत. चित्रपट पाहताना मध्येच एखादा शब्द ओळखीचा निघतो, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही हसून आपल्याकडे पाहतो.

आखाताशी मुंबईचे नाते तर घराघरांतले आहे. १९५० च्या दशकापर्यंत कुवेत, बहरीन, कतार येथे भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी वेगळा ‘आखाती रुपया’ काढला. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणले गेले आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक मुंबईतच उतरले. आमच्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांनी अरबांना मालक, साहेब किंवा ‘अरबाब’ म्हणून पाहिले. त्यांच्या घरातली भांडणे, त्यांची लग्ने, त्यांची म्हातारी माणसे मात्र पाहिली नाहीत. चित्रपट ते दाखवितो.

इतिहास थोडक्यात सांगतो. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे पोहोचली. पुढे कैरो हे अरब जगताचे मुंबई झाले. १९३५ साली तेथे ‘स्टुडिओ मिस्र’ सुरू झाला आणि गाणी, अश्रू व विनोद यांनी भरलेले इजिप्शियन चित्रपट मोरोक्कोपासून इराकपर्यंत पाहिले जाऊ लागले.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव युसूफ शाहीन यांचे. त्यांचा जन्म १९२६ साली अलेक्झांड्रियातील मेल्काइट कॅथलिक कुटुंबात झाला. मेल्काइट म्हणजे रोमशी ऐक्यात असलेली, परंतु बायझंटाइन पद्धतीने उपासना करणारी पौर्वात्य ख्रिस्तसभा. ओमर शरीफ या जगप्रसिद्ध नटाला पहिली संधी दिली ती शाहीन यांनीच, १९५४ साली. पण गिरणगावच्या वाचकाने त्यांचा कोणता चित्रपट प्रथम पाहावा, असे विचारल्यास आम्ही १९५८ चा ‘बाब अल-हदीद’ म्हणजेच ‘कैरो स्टेशन’ सांगू. तो सुमारे सव्वा तासाचा आहे आणि जवळजवळ सगळा एका रेल्वे स्थानकात घडतो. वर्तमानपत्रे विकणारा लंगडा किनावी, परवान्याशिवाय थंड पेये विकणारी आणि पोलीस दिसताच पळणारी हनूमा, आणि हमालांची युनियन उभी करण्यासाठी धडपडणारा अबू सिरी ही त्यातील मुख्य माणसे. ठेकेदाराचा माणूस युनियन फोडू पाहतो आणि हमालांत दोन तट पडतात. परळ-लालबागच्या जुन्या माणसांना यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. किनावीची भूमिका शाहीन यांनी स्वतः केली. हनूमावर जडलेले त्याचे वेड शेवटी भयानक वळण घेते, म्हणून लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. इजिप्तच्या प्रेक्षकांनी प्रथम तो नाकारला. आपल्या लाडक्या चित्रपटांत त्यांना असा कुरूप, दुबळा नायक पाहण्याची सवय नव्हती. आज तोच अरबी चित्रपटांतील श्रेष्ठ कृती मानला जातो.

लेबनॉनचे चित्रपट वेगळे आहेत. १९७५ ते १९९० या काळातील यादवी युद्धाची जखम त्यांत सतत दिसते. नादीन लबाकी या दिग्दर्शिकेच्या २०११ च्या ‘आता आम्ही कुठे जायचे?’ या चित्रपटात एका गावात चर्च आणि मशीद शेजारी आहेत. बाहेर दंगली पेटतात, तेव्हा पुरुषांची डोकी भडकू नयेत म्हणून दोन्ही धर्मांच्या बायका मिळून दूरचित्रवाणी बिघडवितात, खोटे बोलतात, स्वयंपाकात नशा मिसळतात. चित्रपट हसवितो, पण मुलाचे प्रेत लपवून ठेवणारी आईही त्यात आहे. त्यांच्याच ‘कफर्णहूम’ला २०१८ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले आणि ख्रिस्ती परीक्षकांच्या एक्युमेनिकल ज्युरीचेही. शुभवर्तमानातील त्या गावाचे नाव फ्रेंच भाषेत ‘गोंधळ, पसारा’ या अर्थाने रूढ आहे, त्यावरून हे शीर्षक. जन्म दिल्याबद्दल आईवडिलांवर खटला भरणाऱ्या बैरूतच्या मुलाची ती कथा. मुलाची भूमिका करणारा झैन हा खरोखरच सीरियातून आलेला निर्वासित होता.

झियाद दुएरी यांचा २०१७ चा ‘अपमान’ चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला पटेल. गच्चीवरच्या नळातून रस्त्यावर पाणी पडते. पॅलेस्टिनी मुकादम तो नळ दुरुस्त करतो, ख्रिस्ती गॅरेजवाला तो फोडतो, शिवी दिली जाते आणि प्रकरण देशभर पेटते. दोघांच्याही मनात जुन्या कत्तली आहेत. दिग्दर्शकाने कोणा एकाला निर्दोष ठरविलेले नाही, हे आम्हाला विशेष वाटले.

सौदी अरेबियात तर १९८० च्या दशकापासून चित्रपटगृहेच नव्हती. ती एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा उघडली. त्याआधीच, २०१२ साली, हैफा अल-मन्सूर यांनी हिरव्या सायकलीसाठी हट्ट धरणाऱ्या मुलीवर ‘वजदा’ बनविला. रस्त्यावर पुरुषांसोबत उघडपणे काम करणे बाईला शक्य नसल्याने त्यांनी काही दृश्यांचे दिग्दर्शन गाडीत बसून वॉकीटॉकीवरून केले.

असा महोत्सव एखाद्या धर्मग्रामाने किंवा मंडळाने भरवायचा तर काय लागते? चित्रपट बाजारातून आणून लावता येत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी व शुल्क लागते. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकारची सूट घ्यावी लागते. प्रत्येक चित्रपटाचा सारांश पाठवावा लागतो आणि प्रवेश नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरताच ठेवावा लागतो. दारावर तिकीट विकता येत नाही ते याचमुळे. ही सूट केवळ उपचार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात १९ चित्रपटांना ती सुरुवातीला मिळाली नाही आणि त्यांत पॅलेस्टाइनवरचे चित्रपट होते. काहींना नंतर मिळाली. म्हणून अर्ज काही महिने आधी करावा आणि पर्यायी चित्रपट हाताशी ठेवावा.

दुसरी अडचण आमच्या मते अधिक मोठी आहे. उपशीर्षके इंग्रजीत असतात, आणि ज्या पिढीला ‘कैरो स्टेशन’मधली युनियन सर्वांत लवकर कळेल, तिला ती भरभर वाचता येत नाहीत. मराठी उपशीर्षके तयार करणे खर्चाचे आहे, पण अशक्य नाही. तोवर चित्रपटापूर्वी दहा मिनिटे कोणीतरी मराठीत कथा सांगावी, पात्रांची नावे फळ्यावर लिहावीत आणि नंतर चहासाठी अर्धा तास ठेवावा. आखातात राहून आलेल्यांना त्या वेळी आवर्जून बोलते करावे.