प्लेटलेट्स कमी? डेंगीच असेल असं नाही!

पुण्यात पावसाळा सुरू झाला की आमच्या ऑफिसात एकच चर्चा. ‘तुझा आकडा किती?’ ‘८०,०००.’ ‘अरे बापरे, पपईच्या पानांचा रस घे!’ पॅकेज नाही हो, प्लेटलेट्स! नॉर्मल आकडा रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे १.५ ते ४.५ लाख. त्याखाली गेला की अख्खा फ्लोअर डेंगी जाहीर करून मोकळा.

माझ्या एका मैत्रिणीचा काउंट ६२,००० आला, तोही ताप नसताना. डॉक्टरांनी भलतेच प्रश्न विचारले. गोळ्या कुठल्या चालू आहेत? ड्रिंक्स किती? नॉनव्हेज खातेस? पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात? पाळीत जास्त जातं? शेवटच्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ होतं, तेही तीन महिन्यांपासून! निघालं ‘आयटीपी’. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेट्सवर उठते. तरुण वयात हे मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतं.

बाकीच्या प्रश्नांनी मात्र मीच चपापलो. प्लेटलेट्स बनतात अस्थिमज्जेत आणि जगतात जेमतेम ८ ते १० दिवस. त्यामुळे हा कारखाना सतत चालू लागतो. भरपूर दारू त्याला थेट ब्रेक लावते. वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर बिघडलं, की फुगलेली प्लीहा असलेल्या प्लेटलेट्सही अडकवून ठेवते. बी-१२ फारच कमी झालं तर कच्चा मालच नाही. शुद्ध शाकाहारी आणि दूध-दह्याचंही वावडं असलेल्यांनी हे जरा मनावर घ्यावं. काही सल्फा अँटिबायोटिक्स, क्विनाइन, हेपॅरिन यांनीही काउंट घसरतो. हेपटायटिस सी, एचआयव्ही, मलेरिया हेही यादीत आहेत. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत थोडा उतरतो, पण तो बहुतेकदा निरुपद्रवी.

आणि कधीकधी तर काहीच झालेलं नसतं! टेस्ट ट्यूबमधल्या केमिकलमुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात, मशीन ते मोजतच नाही. लक्षणं नसताना आकडा विचित्र आला, तर स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितली का, हे बिनधास्त विचारा.

डेंगीची शंका असेल, तर डोकं दुखतंय म्हणून ड्रॉवरमधली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. उरल्यासुरल्या प्लेटलेट्सही त्यामुळे आळशी होतात. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. आणि ताप उतरला म्हणून लगेच लॅपटॉप उघडू नका. डेंगीत त्यानंतरचेच २४ ते ४८ तास खरे धोक्याचे. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. बॉसला मेसेज रिक्षातून करा.