पगार वाढला, पण हातात काय उरले?

नागपुरातल्या घरी मुंबईच्या बदलीचा कागद आला की दोन सूर ऐकू येतात. ‘मुंबईला भत्ता जास्त मिळतो, जाऊ या,’ असे एकाचे म्हणणे. ‘तेवढ्या भत्त्यात तिथे खोली तरी मिळेल का?’ असा दुसऱ्याचा सवाल. म्हातारे आई-वडील गप्प बसतात, मुले शाळेतल्या मित्रांच्या आठवणीने हिरमुसतात. या सगळ्या गडबडीत कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडला, तर भले भले चकित होतील.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्या भत्त्यांचे दर सर्वांना ठाऊक असतात. सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या स्तरावर मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते. जानेवारी 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्के होता, म्हणजे 17,700 रुपये; या हिशेबात तोच दर धरू. दोन्ही शहरांत हे आकडे तेच. वाहतूक भत्ता 3,600 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता 1,800, असे 5,400 रुपये. यातही फरक नाही, कारण जास्त दराच्या शहरांच्या यादीत मुंबईबरोबर नागपूरही आहे.

फरक पडतो तो फक्त घरभाड्याच्या भत्त्यात. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचताच या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के झाले. मुंबई एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात. म्हणून मुंबईत 10,620 रुपये, नागपुरात 7,080.

सगळी बेरीज केली तर नागपुरात 65,580 आणि मुंबईत 69,120 रुपये होतात. जास्तीचे मिळाले 3,540 रुपये!

कपात सारखीच

आता पगारातून कापले जाणारे पैसे पाहू. 2004 नंतर नोकरीला लागलेल्यांच्या पेन्शन योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के, म्हणजे 5,310 रुपये जातात. दोन्ही शहरे एकाच राज्यात असल्याने व्यवसाय करही तोच, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये. आयकराचे दर तर देशभर एकच. करात थोडी सवलत मिळू शकते, पण ती जुनी करपद्धती निवडणाऱ्यांनाच. त्या पद्धतीत घरभाडे भत्त्याच्या सवलतीची एक मर्यादा मुंबईसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के, तर नागपूरसाठी 40 टक्के आहे. नव्या पद्धतीत ही सवलतच नाही.

थोडक्यात, दोन शहरांच्या घरभाड्यातला फरक 3,540 रुपयांच्या आत बसला, तरच बदली फायद्याची. नागपुरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे थोडे अंगण अशा घरात राहणाऱ्याने तशीच जागा अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये शोधून पाहावी. दलालाच्या पहिल्याच फोनमध्ये भ्रमाचा भोपळा फुटतो. शिवाय अनामत रक्कम आणि दलाली वेगळी. बदलीच्या वेळी मूळ वेतनाच्या 80 टक्के, म्हणजे इथे 28,320 रुपये एकरकमी मिळतात खरे, पण ते घराची किल्ली हाती येईपर्यंतच पुरतात.

वेळेचेही भाडे

मग कुटुंब लांबच्या उपनगराकडे वळते. कल्याण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 54 किलोमीटर. लोकलचा पास स्वस्त असतो, महाग असतो तो वेळ. घर ते कचेरी आणि परत असे रोज तीन तास धरले, तर 22 दिवसांच्या महिन्यात 66 तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे आठ दिवसांहून अधिक काम, तेही बिनपगारी. मुलांचा अभ्यास घेणे, आईला डॉक्टरकडे नेणे, दोन घास एकत्र खाणे, हे सारे या तासांतूनच वजा होते.

नागपूर म्हणजे सगळेच स्वस्त, असेही मात्र समजू नये. गॅस सिलिंडर तिथे मुंबईपेक्षा काहीसा महागच पडतो. मे महिन्यात दिवसरात्र कूलर चालतो आणि विजेचे बिल फुगते. 2019 मध्ये मेट्रो सुरू झाली, तरी बहुतेक घरांचे दुचाकीवाचून भागत नाही, आणि पती-पत्नी दोघे नोकरी करत असतील तर दोन दुचाक्या लागतात.

हिशेब कुठे उलटतो?

दोन गोष्टी घडल्या तर पारडे मुंबईकडे झुकते. पहिली, सरकारी निवासस्थान मिळणे. मग घरभाडे भत्ता बंद होतो, पण अँटॉप हिलसारख्या वसाहतीत नाममात्र शुल्कात डोक्यावर छप्पर येते आणि प्रवासही कमी होतो. दुसरी, गृहिणीच्या नोकरीची. तिला मुंबईत चांगले काम मिळणार असेल, तर वाढीव भाडे निघून वर काही उरेल. पण नागपुरातल्या शाळेतली तिची कायमची नोकरी सोडावी लागणार असेल, तर 3,540 रुपये मिळवण्यासाठी एक अख्खा पगार गमावल्यासारखे होईल. एकट्याने मुंबईत राहायचे ठरवले, तर दोन चुली पेटतात आणि जाण्यायेण्याचे तिकीट वेगळे.

खासगी नोकरीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. नेमणूकपत्रावरच्या वार्षिक पॅकेजमध्ये मालकाचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. त्या आकड्याला बाराने भागून खुश होऊ नये. दरमहा बँकेत नेमके किती जमा होतील, हे होकार देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

निर्णयाच्या आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांनी मिळून एका कागदावर दोन रकाने आखावेत. हातात येणारा पगार, भाडे, प्रवास, शाळा, औषधपाणी, सारे त्यात लिहावे. तळाशी दोनच आकडे काढावेत: महिनाअखेर किती रुपये उरतील, आणि रोज किती तास घरच्यांसाठी उरतील. दोन्ही आकडे वाढत असतील तर सामान बांधायला घ्यावे. एक वाढून दुसरा घटत असेल, तर कोणता महत्त्वाचा हे ठरवताना घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, बोलू द्यावे. बदली एकाची असते, पण बिऱ्हाड साऱ्यांचे हलते.